‘हो मॅडम’ म्हटल्यानंतर

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत करायला सुरुवात केली. १७ ऑगस्टपासून राज्यभरातल्या बालविकास प्रकल्प कार्यालयांत हे फोन जमा होऊ लागले. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, मोठा गाजावाजा करून एक लाखाहून अधिक फोन वाटले होते. ‘बायकांना तंत्रज्ञान नकोय, रजिस्टरची सवय सुटत नाही,’ असा शेरा मारून मोकळं होणारे तेव्हा बरेच होते. सवय, अज्ञान, आळस ही तीन कारणं कुठल्याही कार्यालयात कुठल्याही विरोधाला चिकटवता येतात, आणि चिकटवली की पुढे विचार करावा लागत नाही.

सेविका नेमकं काय म्हणत होत्या, ते पाहिलं तर वेगळंच दिसतं. फोनची रॅम २ जीबी. १ मार्च २०२१ ला केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आणलं, ते या फोनवर धड चालेना. फोन तापायचा, अडकायचा, भरलेली माहिती उडायची. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ॲप इंग्रजीत, आणि ते वापरणारी बाई मराठी शाळेत शिकलेली. त्यांची मागणी होती: चांगला मोबाइल द्या आणि ॲप मराठीत द्या. याआधीच्या ‘कॅस’ नावाच्या ॲपवर याच बायकांनी काम केलेलं होतं. मोबाइलच नको असलेल्या माणसाची मागणी अशी नसते. यंत्र घेणाऱ्याने खरेदीआधी विचारायला हवे होते ते प्रश्न सेविका खरेदीनंतर विचारत होत्या, एवढाच फरक.

संस्थेतला बदल माणसं का अडवतात, यावर गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ संशोधन झालंय. त्यातलं बरंचसं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर उभं राहून वाचलं तर चटकन उमगतं. कारण इथे बदल बहुतेक वेळा वरून येतो, जीआरच्या रूपाने, आणि ज्याने तो राबवायचा त्याच्यापर्यंत पोचेतो त्यामागचं कारण गळून फक्त तारीख उरलेली असते.

डोळखांब किंवा टोकावड्याच्या पट्ट्यातली अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. सेविकेने मुलांची वजनं-उंची घ्यायची, सॅम-मॅमची (तीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलं शोधायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, आहार वाटायचा, तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गाणी-गोष्टी शिकवायच्या आणि या सगळ्याची नोंद ठेवायची. एकात्मिक बालविकास योजनेत या नोंदींसाठी ११ रजिस्टरं ठरवलेली आहेत. मोबदल्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आता यात ॲप आलं. ॲपमुळे रजिस्टर गेलं असतं तर कोणत्या बाईने तक्रार केली असती? पण रजिस्टर गेलं नाही. तपासणीला येणारे साहेब रजिस्टरच मागतात, म्हणून तीच माहिती दोनदा भरायची: एकदा पेनाने, एकदा अंगठ्याने. बदलावर संस्थेचाच भरवसा नव्हता आणि तो ठेवायचा होता सेविकेने.

बदलाचं गणित असं कुठे ना कुठे कुणाच्या तरी खिशातून फेडलं जातं. मंत्रालयातल्या पडद्यावर जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे एका क्षणात दिसतात, ही सोय खरी आहे आणि छोटीही नाही. पण ती सोय वापरणारा वेगळा आणि तिची किंमत मोजणारी वेगळी. ज्या ठिकाणी फायदा एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, तिथे विरोध होणारच. त्यासाठी मानसशास्त्राची गरज नाही, साधा हिशेब पुरतो.

मानसशास्त्र त्याच्या पुढे कामाला येतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन गावी हारवूड नावाचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगार बहुतेक तरुण बायका. मजुरी नगावर. फॅशन आणि मागणीप्रमाणे काम वारंवार बदलायचं, आणि प्रत्येक बदलानंतर उत्पादन घसरायचं, चांगल्या कामगार नोकरी सोडायच्या. मालक आल्फ्रेड मॅरो स्वतः मानसशास्त्रज्ञ. कर्ट लेविन या मोठ्या संशोधकाशी त्यांचा घरोबा. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे एक प्रयोग केला आणि १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. बदल अगदी किरकोळ होते. उदाहरणार्थ, इस्त्री करणाऱ्या बायका अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचत, ते आता खोक्यात रचायचे. एका गटाला नेहमीप्रमाणे बोलावून सांगितलं: उद्यापासून असं, दर असा, काही शंका? दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि नवं काम कसं बसवायचं, दर काय ठरवायचा, हे त्यांनी व्यवस्थापनाबरोबर बसून ठरवलं. उरलेल्या दोन छोट्या गटांत सगळ्याच जणी त्या चर्चेत होत्या.

पहिल्या गटाचं उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही. वरिष्ठांशी खटके उडाले, आणि पहिल्या चाळीस दिवसांत गटातल्या १७ टक्के कामगार सोडून गेल्या. प्रतिनिधींचा गट चौदा दिवसांत जुन्या वेगावर आला. सगळ्यांना सामील केलेले गट त्याहून लवकर सावरले आणि आधीच्या वेगापेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. या तिन्ही गटांतून त्या चाळीस दिवसांत एकही बाई गेली नाही. प्रयोगाचा सगळ्यात बोलका भाग नंतरचा. पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना अडीचेक महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून, या वेळी सगळ्यांना सामील करून, दुसऱ्या कामावर घेतलं. त्याही भराभर सावरल्या. म्हणजे अडेलतट्टू बायका आणि समजूतदार बायका असे दोन प्रकार तिथे नव्हतेच.

त्याच अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नव्या बाईला काम शिकायला जेवढा वेळ लागे, त्याहून जास्त वेळ अनुभवी बाईला काम बदलल्यावर लागे. यामागे हाताची जुनी सवय आड येणं किती आणि मनाचं खचणं किती, यावर त्यांनी बराच विचार केला आणि पारडं मनाकडे झुकलं. तासाला साठ नग काढणारी, आपल्या ओळीत मान असलेली बाई एका दिवसात शिकाऊ होते. पंचवीस वर्षं काम केलेली अंगणवाडीची बाई मूल कडेवर घेतल्याबरोबर सांगते की पोर सुकतंय. गावात तिला मान आहे तो त्यामुळे. तिच्या हातात ॲप दिलं की शेजारच्या पाड्यावरची नवी, बारावी झालेली सेविका तिच्यापेक्षा हुशार ठरते. पासवर्ड विसरला तर भाच्याला विचारावं लागतं. मीटिंगमध्ये ‘तुमचं पेंडिंग दिसतंय’ हे सगळ्यांसमोर ऐकावं लागतं. मिळणाऱ्या गोष्टीच्या आनंदापेक्षा जाणाऱ्या गोष्टीचं दुःख माणसाला मोठं वाटतं, हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. इथे जातंय ते म्हणजे पत आणि कसब. पगारपत्रकात त्याचा रकाना नसतो, म्हणून बदल आणणाऱ्याला ते दिसत नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलने १९५२ मध्ये स्वयंचलित माग आणले. माग नवे, उत्पादन मात्र अपेक्षेएवढं वाढेना आणि खराब कापडही कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे सल्लागार म्हणून आले. २२४ माग, २९ माणसं, आणि प्रत्येकाला कामाचा एकेक तुकडा वाटून दिलेला: कुणी फक्त तुटलेला धागा सांधायचा, कुणी फक्त कांड्या भरायच्या. मागापाशी काही बिघडलं तर ते नेमकं कुणाचं, हे कुणालाच सांगता येईना. ठरावीक मागांसाठी एक छोटा गट असावा आणि त्याने आपलं काम आपसात वाटून घ्यावं, अशी कल्पना राइस यांनी मांडली. कामगारांनी ती लगेच उचलली, गट स्वतःच जमवले, आणि घडी बसल्यावर उत्पादन वाढलं, खराबी घटली. यंत्राला कुणाचा विरोध नव्हताच. यंत्राबरोबर आलेल्या कामाच्या मांडणीत कुणाचा कुणाशी संबंध उरला नव्हता. कागदावर हा विरोध कधी उमटला नसता, कारण संप झाला नाही, घोषणा झाल्या नाहीत. फक्त माग म्हणावे तसे चालत नव्हते.

आपल्या सरकारी यंत्रणेत विरोध बहुतेक वेळा असाच असतो. तालुक्याला ट्रेनिंग असतं. प्रोजेक्टरवर स्लाइड सरकतात. ‘समजलं का सगळ्यांना?’ ‘हो मॅडम.’ चहा होतो, सह्या होतात. पुढचे सहा महिने काहीच घडत नाही, किंवा जे घडतं ते फक्त आकड्यांत घडतं: न मोजलेल्या उंच्या भरल्या जातात, मागच्या महिन्याच्या वजनात शंभर ग्रॅम मिळवले जातात. नाही म्हणायची सोय नसलेला माणूस हो म्हणतो आणि त्याचं नाही कामात उतरतं. फोन परत करणाऱ्या सेविकांनी निदान नाही मोठ्याने म्हटलं. कुठल्याही संस्थेला असा विरोध परवडतो, कारण त्यात दुरुस्तीचा पत्ता लिहिलेला असतो. न परवडणारी गोष्ट म्हणजे तो होकार.

आता मुरबाडचंच एक प्रकरण. नोटाबंदीनंतर महिन्याच्या आत, १ डिसेंबर २०१६ ला, तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाचा पुढाकार होता, बँक ऑफ बडोदाने स्वाइप यंत्रं पुरवली होती. धसई ही आसपासच्या गावा-पाड्यांची बाजारपेठ. किराणावाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत कार्ड चालतं, अशी छायाचित्रं देशभर छापून आली. पुढे पत्रकार पुन्हा तिथे गेले तेव्हा यंत्रं बाजूला पडून व्यवहार बहुतांशी रोखीवर परतलेले दिसले. ‘खेड्यातली माणसं बदलत नाहीत’ या म्हणण्याला आणखी एक पुरावा मिळाला.

पण त्या बाजारात पैसा कसा फिरतो ते पाहा. पाड्यावरून आलेल्या माणसाच्या हातात मजुरी रोख येते. दुकानात त्याची वही असते. भाताचे पैसे आले की वही मिटते आणि आवण्या-लावण्यांच्या दिवसांत पुन्हा उघडते. कार्डाच्या यंत्राला उधारी कळत नाही. खात्यात आधी पैसे हवेत, खातं आधी हवं, बँकेची शाखा जवळ हवी, रेंज हवी. दुकानदाराला वर कमिशनची धास्ती. नोटाच मिळत नव्हत्या तोवर यंत्राने अडचण भागवली, नोटा आल्या आणि अडचण संपली. यात हटवादीपणा कुठे आहे? गंमत अशी की पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या टपऱ्यांवर क्यूआर कोडचे कागद चिकटले, आणि त्यासाठी कुठल्या मंत्र्याला फीत कापावी लागली नाही. कार्डाच्या यंत्राचं भाडं नाही, दुकानदाराला कमिशन नाही, फोन ज्याचा त्याच्या खिशात, आणि पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा. कार्डापाशी अडलेला ग्रामीण बाजार क्यूआरपाशी तेवढा अडला नाही.

या भागाला बदलाच्या आश्वासनांची आठवणही आहे, आणि ती धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात. मुरबाडमध्ये काळू धरणाचं काम वनखात्याच्या परवानगीविना सुरू झालं होतं. गावकऱ्यांच्या बाजूने श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली, आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. अशा तालुक्यात साहेब जीपमधून उतरून ‘यात तुमचाच फायदा आहे’ म्हणाले, तर समोरचा आधी साहेबाचा फायदा शोधतो. याला संशय म्हणा, अनुभव म्हणा. बदल चांगला असेल, पण तो आणणाऱ्याचं आधीचं खातं कोरं नसतं.

याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी बदल धावत आलेलाही लोकांनी पाहिलाय. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने मदत केली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. गुलाबी नऊवारी हा गणवेश, पाठीला दप्तर, हातात पाटी. वय झालं की माणूस नवं शिकत नाही, हा समज घेऊन आलेल्या देशविदेशच्या वार्ताहरांना तिथे आज्या अ-आ गिरवताना दिसल्या. वाचता यावं ही इच्छा बायकांनीच आधी बोलून दाखवली होती. वर्ग दुपारी, घरकाम उरकल्यावर. शिकवायला गावातलीच सून. चुकलं तर हसणाऱ्या सगळ्या एकाच वयाच्या, एकाच बाकावरच्या. अंगठ्याच्या जागी सही आली तर त्यात कुणाचं काही जात नव्हतं, आजीचं तर नाहीच.

फांगण्याचा दाखला देऊन ‘बघा, मनात आणलं तर सगळं जमतं’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती शाळा आहे, कार्यालय नव्हे. तिथे उद्दिष्ट नाही, अहवाल नाही, मानधन कापण्याची नोटीस नाही. संस्थेत प्रत्येक बदल कुणाचं तरी काम, वेळ किंवा वजन कमी-जास्त करतोच, आणि ते कुणाचं हा प्रश्न टाळता येत नाही.

सगळा विरोध म्हणजे ऐकण्याजोगी तक्रार असते, असंही नाही. ज्याचं महत्त्व एखादा कागद आपल्या टेबलावर अडून राहण्यात असतं, त्याला तो कागद संगणकावर गेलेला नको असतो. सातबारा घरबसल्या मिळू लागला तेव्हा सगळ्यांनाच सारखा आनंद झाला असेल असं वाटत नाही. गाऱ्हाणं आणि हितसंबंध ओळखायची एक ढोबळ खूण आहे. गाऱ्हाणं तपशिलात बोलतं: रॅम किती, भाषा कुठली, दुरुस्तीचा खर्च कुणाचा. हितसंबंध गोलगोल बोलतो: ‘आपल्याकडे नाही चालायचं हे’, ‘लोकांची तयारी नाही’, ‘वरून स्पष्ट आदेश येऊ दे’. आणि हा दुसरा विरोध फार वेळा खालच्या माणसाच्या नावावर खपवला जातो. अडवणारा मधल्या खुर्चीत बसलेला असतो आणि शेरा पडतो सेविकेवर.

कर्ट लेविन सांगत असत की एखादी परिस्थिती हलवायची तर दोन वाटा: ढकलणारा जोर वाढवा किंवा अडवणारा जोर कमी करा. पहिल्या वाटेने हालचाल झाली तरी ताण वाढतो. आपल्या कार्यालयांना पहिली वाट तोंडपाठ आहे, कारण तिला एक परिपत्रक पुरतं. दुसऱ्या वाटेसाठी पाड्यावर जाऊन रेंज कुठे येते ते बघावं लागतं. सहभागाचं नाटक करूनही चालत नाही. हारवूडचा प्रयोग पुढे नॉर्वेतल्या एका कारखान्यात करून पाहिला गेला, त्याचा अहवाल १९६० मध्ये आला, आणि तिथे उत्पादनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कामगारांना ज्या गोष्टीत बोलायला बोलावलं ती त्यांच्या लेखी महत्त्वाची नव्हती. ग्रामसभेत शेवटचा विषय म्हणून ‘चर्चा’ ठेवतात, तशातला प्रकार.

अंगणवाडीचं पुढे काय झालं? पोषण ट्रॅकर इतर भाषांतही आलं. स्थलांतरित कुटुंबांची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवायची सोय झाली. २० फेब्रुवारी २०२३ पासून सेविकांनी संप केला तेव्हा मानधनवाढीबरोबर नव्या मोबाइलची मागणी होतीच. म्हणजे २०२१ मध्ये फोन परत करणाऱ्याच बायका दीड वर्षाने फोन मागत होत्या, आणि दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं एकच होतं. मग १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवणं सक्तीचं झालं. खऱ्या लाभार्थीलाच आहार मिळावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि घरात फोन एकच असेल तर तो नवऱ्याबरोबर सकाळच्या लोकलने आसनगावहून कल्याणला गेलेला असतो. आहार घ्यायला आलेली बाई कडेवर पोर घेऊन दारात. ती अंगणवाडीच्या बाईला विचारते, आज नाही का मिळणार? या प्रश्नाला ॲपमध्ये रकाना आहे की नाही, हे सेविकांच्या संघटना आता विचारत आहेत. कार्यालयांतून त्यालाही ‘विरोध’ असंच म्हटलं जातं.